उपासाची माशी

मी आजवर एकही मासा पकडलेला नाही, आणि निदान एका अमेरिकन गृहस्थाच्या मते म्हणूनच मी थोर मासेमार आहे. हे गृहस्थ म्हणजे बिल. आमच्या रेवाने ज्या जॉशशी लग्न करायचं ठरवलं, त्याचे वडील.

रेवा आमची एकुलती एक. इथे अमेरिकेत, श्रूजबरी गावातच वाढली, आता जवळच बॉस्टनला फिजिओथेरपिस्ट आहे. बिलशी आमचा पहिला व्हिडिओ कॉल ठरला तेव्हा तिने मला बाजूला घेऊन बजावलं होतं.

"बाबा, प्लीज, बिलसमोर शायनिंग मारू नकोस. बिल हेट्स शो-ऑफ्स. ते अजून माझ्याशी पण नीट बोलत नाहीत. इफ दे डोन्ट लाइक अस, जॉशला खूप त्रास होईल."

"मी? आणि शायनिंग?" मी म्हणालो. यावर माझी बायको वैशाली इतका वेळ हसली की गॅसवरचा चहा उतू गेला.

कॉलवर बिल गप्प. पाच मिनिटं झाली तरी गप्प! मोठी पांढरी मिशी, मागे भिंतीवर ट्राउट माशांचे फोटो, आणि शांतता. माझा स्वभाव असा की समोरचा गप्प बसला की मी बोलतो, आणि बोललो की फसतो. बिलने शेवटी विचारलं, "मासेमारी करता?" (माझा माशांशी एकमेव संबंध म्हणजे दाताच्या डॉक्टरकडची काचेची पेटी.)

"म्हणजे काय! फ्लाय फिशिंग!" मी म्हणालो. "फ्लाय पण स्वतःच बांधतो!"

मिशी पहिल्यांदाच हलली. "मग मे महिन्यात नदीवर भेटू. तुमच्या फ्लाय घेऊन या."

कॉल संपला. रेवा डोकं धरून बसली. "बाबा! यू डोन्ट इव्हन ईट फिश!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गळावर दोरा, पिसं, केस असं काहीबाही गुंडाळून हुबेहूब किड्यासारखं दिसणारं जे प्रकरण तयार करतात, त्याला फ्लाय म्हणतात. मासा फसतो आणि गिळायला येतो. हे मला त्या रात्री इंटरनेटवर कळलं. लगेच मी ऑनलाइन सगळं सामान मागवलं: गळ, दोरे, गळ धरून ठेवणारा चिमटा, सशाचे केस, आणि पिसांसाठी कोंबड्याच्या मानेचं पिसांसकट वाळवलेलं कातडं. पिसांना कीड लागू नये म्हणून ते काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावं, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. मी ठेवलं. पिशवीत घालून, व्यवस्थित.

त्याच सुमारास पुण्याहून माझी आई सहा महिन्यांसाठी राहायला आली होती. आई म्हणजे कडक शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का हे दुकानदाराला मराठीत विचारून, उत्तर मिळवून मगच पुढे सरकणारी. संकष्टीच्या मोदकांसाठी तिने फ्रीझरमधून खोवलेलं खोबरं काढायला हात घातला.

पुढे जी किंकाळी आली ती आईची नव्हती, वैशालीची होती. आई शांत होती. तिने कोंबड्याची मान दोन बोटांत धरली होती.

"विनू, हे काय आहे?"

"पिसं आहेत गं आई. नुसती पिसं. आपोआप गळालेली."

"मानेसकट गळाली का?"

फ्रीझर रिकामा झाला, धुतला गेला, त्यावर गोमूत्र शिंपडायचं की नाही यावर चर्चा झाली (अ‍ॅमेझॉनवर मिळतं, पण वैशाली नको म्हणाली), आणि मला खुलासा करावा लागला. खरं सांगायची हिंमत नव्हती. मी म्हटलं, "रेवाच्या होणाऱ्या सासरच्यांना भेट द्यायची आहे. कोटाला लावायचे ब्रोच करतोय. इथली हस्तकला."

आईने टेबलावरचे गळ पाहिले. माझ्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाली.

माझी पहिली फ्लाय पाहून रेवाने विचारलं, "बाबा, इज धिस फ्रॉम द ड्रायर?" (कपडे वाळवायच्या यंत्रात धाग्यांचा पुंजका जमतो, तो.) दुसरीत माझं बोट बांधलं गेलं. तिसरी जरा जमली असं वाटेपर्यंत शिंक आली आणि सशाचे केस वैशालीच्या डाळीत गेले.

"जन्मभर घरात बसून माश्या मारल्यास, ते बरं होतं!" वैशाली कडाडली.

शेवटी आईलाच राहवलं नाही. मी दोऱ्यावर केस पिळायची धडपड करत होतो, तेवढ्यात तिने दोरा माझ्या हातातून घेतला. "अरे, वात वळतात तसं वळायचं. इतकी वर्षं देवापुढे वाती लागतायत, त्या काय आकाशातून पडतात?" कोंबड्याच्या पिसांना मात्र तिने हात लावायला साफ नकार दिला. स्वतःच्या बॅगेतून वातींचा कापूस काढला, देवघरातल्या मोरपिसाचे चार धागे घेतले (मोराची पिसं खरोखरच आपोआप गळतात), आणि जुन्या साडीच्या काठाची जर. पंधरा मिनिटांत चिमट्यात एक हिरवट सोनेरी किडा तयार! इतका जिवंत की मी झटकायला हात उचलला. जगातली पहिली उपासाला चालणारी माशी होती ती.

आईने अशी डबीभर केली. निघायच्या दिवशी डबी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "छान कर सगळं. फार बोलू नकोस."

नदी पश्चिमेला, डोंगरात. मी, वैशाली आणि रेवा पोचलो तेव्हा बिल आणि जॉश आधीच आलेले. मी छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली होती, उलटी. जॉशने हळूच कानात सांगितलं, तेव्हा गाडीमागे जाऊन सुलटी केली. चष्मा घरी विसरला होता, म्हणून आईची माशी दोरीला रेवाने बांधली, फोनवर बघून. गाठ मारता मारता ती म्हणाली, "बाबा, अजून पण खरं सांग त्यांना. प्लीज."

"एकदा टाकून तर बघू," मी म्हणालो.

पहिल्या फेकीत माशी झाडात गेली. दुसरीत वैशालीच्या ओढणीत. तिसरी सर्रकन फिरून थेट बिलच्या गालावर बसली! व्याह्याला गळ लावणारा पहिला मराठी माणूस! पण माशी गालावरून अलगद घसरून पाण्यात पडली. ओरखडासुद्धा नाही. वैशालीच्या ओढणीतूनही ती अशीच सुटली होती, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

आणि जिथे ती पडली तिथेच पाणी उसळलं! दोरी ताणली गेली, माझ्या हाताला झटका बसला, आणि मासा सुटला. माशी पुन्हा टाकली, पुन्हा मासा आला, पुन्हा सुटला. पुन्हा! नदीतल्या झाडून सगळ्या ट्राउटना आमंत्रण गेल्यासारखे ते येत होते, चव घेत होते आणि जात होते. बिलच्या महागड्या फ्लायकडे एकही फिरकत नव्हता.

बिल पाण्यातून चालत आला. "दाखवा."

त्याने माशी तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली, बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहत राहिला. "टोक कापलंय."

मीही बोट फिरवून पाहिलं. गळाचं टोक पक्कडीने तोडून, वर कानशीने घासून गुळगुळीत केलं होतं. डबी उघडून चाचपली. सगळ्याच माश्यांचं तेच!

रेवा काठावर उभी होती. तिच्याकडे वळलो आणि माझी सगळी हवा गेली. एवढ्याशा फुशारकीपायी मी पोरीचं सासर पणाला लावलं होतं. मी घडाघडा सांगून टाकलं, "बिल, मला यातलं काही येत नाही. मी आयुष्यात एकही मासा पकडलेला नाही. हे माझ्या आईने बांधलंय."

बिलने टोपी काढली.

"चाळीस वर्षं मासे पकडून सोडून देतोय," तो म्हणाला. "दर वेळी गळ काढताना वाईट वाटतं. टोक कापून मासेमारी करणारे असतात असं ऐकलं होतं. भेटले आज. आणि वर म्हणता, मला काही येत नाही!"

"अहो, खरंच येत नाही!"

"अगदी बरोबर," बिल म्हणाला, आणि खिशातून पक्कड काढून त्याने स्वतःच्या गळाचं टोक तोडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा संपूर्ण खरं बोललो, तर माणसाला तो विनय वाटला! रेवा हसत होती की रडत होती ते चष्म्याअभावी कळलं नाही. बिल तिला म्हणाला, "ऑक्टोबरमध्ये लग्न करा. तेव्हा इथली झाडं लाल असतात." तिच्याशी तो एवढं कधीच बोलला नव्हता.

घरी येऊन मी आईला गाठलं. "ब्रोच टोचू नयेत म्हणून टोकं कापलीस का गं?"

"कसले ब्रोच?" आई वात वळत म्हणाली. "माझं माहेर हर्णैचं आहे, विनू. आमच्या घरासमोर होड्या लागायच्या. गळ मला कळत नाही होय? पोरीचं शुभकार्य ठरवायला निघालात, आणि त्या दिवशी कुणाच्या तरी घशात काटा अडकवून यायचं? असं जुळतं का काही?"

मी तिच्याजवळ जाऊन नुसता बसलो, आणि तिने मला कापूस पिंजायला दिला.

लग्न ऑक्टोबरमध्येच झालं. आता बिल आईकडून दर मोसमाला माश्या बांधून घेतो आणि तिला 'आजी' म्हणतो. परवा त्याच्या मासेमार मित्रांनी मला भाषणाला बोलावलंय. विषय आहे 'मासा न पकडण्याची कला'. मी लगेच हो म्हणालो, कारण या विषयात मला जरासुद्धा शायनिंग मारावी लागणार नाही!