मोकळा उजवा हात

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत, शाळामास्तर म्हणून, अर्नाळ्याच्या चावडीवर मी रविवारी लोकांचे करमाफीचे अर्ज विनामूल्य लिहून देत असे. एकदा एक अनोळखी कोळीण आली. नवरा होडीसह बेपत्ता झाल्यापासून तिला घरपट्टी झेपत नव्हती. मी सहज म्हणालो, “बाई, ‘विधवा’ लिहितो, पट्टी माफ होईल.”

तिने झटकन दौतीवर उजवा तळहात ठेवला. त्या हातात बांगड्या नव्हत्या. कोळ्यांच्या रीतीप्रमाणे, नवऱ्याच्या राखणीसाठी त्या तिने लग्नातच दर्याला वाहिल्या होत्या. डाव्या हातात मात्र सौभाग्याच्या हिरव्या बांगड्या होत्या.

“दर्यानं अजून नाय सांगितलं, मास्तर. तुमी कोन सांगनार? पट्टी भरीन मी.”

टोपली उचलून ती निघून गेली. एका माणसाचा मृत्यू मी किती सहज लिहायला निघालो होतो, आणि त्याला मदत म्हणत होतो.