भोंग्याची आगोट

आमच्या ह्यांच्या डोक्यात एकदा किडा वळवळायला लागला की संपलंच! शाळेत विज्ञान शिकवून दत्तोपंत निवृत्त झाले आणि त्यांनी मनावर घेतलं, आपल्या इमारतीला पुराचा भोंगा बसवायचा. महाडात पावसाळ्यात पाणी शिरतं, त्यात नवल नाही. पण आमच्या तळमजल्यावर चंद्रभागेची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यावर त्या गिरणीवरच तिनं मुलीला वाढवलं, पोलादपूरच्या पलीकडे डोंगरातल्या गावी दिली. पाणी चढायला लागलं की ती जिन्यातून हाक मारायची, वरची माणसं धावायची आणि मोटर सोडवून वर न्यायची. त्यामुळे पावसाळ्यात ही बाई महाड सोडायची नाही.

त्या वर्षी मुलगी पहिलटकरीण, दिवस भरणार ऐन पावसात. "मी कशी जाऊ, वहिनी? मोटर कोण बघंल?" असं म्हणून ती माझ्याकडे येऊन रडली. ते ह्यांनी ऐकलं आणि भोंगा जुळवायला बसले.

यंत्र म्हणजे काय, तर मागच्या नाल्याच्या भिंतीवर पितळेच्या दोन कांड्या. पाणी दोन्हींना टेकलं की गच्चीवरचा भोंगा बोंबलणार, वीज गेली तरी बॅटरीवर. एवढ्याशा गोष्टीसाठी सोसायटीच्या बैठकांवर बैठका! एक म्हणे, उगाच वाजून झोपमोड होईल. दुसरा म्हणे, बिघडलं तर जबाबदार कोण? आणि आमचे चेअरमन मालोजीराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मास्तर, नदी आम्हाला माहीत आहे. बापजाद्यांनी कधी भोंगा लावला होता का?" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, मग बापजाद्यांनी टीव्ही तरी कुठे लावला होता? पण ह्यांनी डोळ्यांनी दटावलं, म्हणून गप्प बसले.

शेवटी बसला एकदाचा. ह्यांनी कांड्यांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि भोंगा असा काही वाजला की मालोजीरावांची कळीच खुलली. त्या दिवसापासून यंत्र जणू त्यांचंच. पाहुणे आले की आधी नाल्यावर नेऊन दाखवायचे. पोरं हात लावतील म्हणून भोवती बारीक जाळीचा पिंजरा केला, कुलूप घातलं, किल्ली आपल्या कमरेला. ह्यांनी सांगितलं, "अधूनमधून पाणी ओतून बघायला हवं." तर म्हणतात कसे, "चांगल्या यंत्रावर पाणी ओतायचं? आता ते सोसायटीचं आहे, मास्तर. तुम्ही निर्धास्त राहा." ज्यानं बसवलं त्यालाच हात लावायची बंदी! आहे की नाही कमाल?

चंद्रभागा मुलीकडे गेली. जाताना ह्यांना म्हणाली, "भाऊ, तुमच्या भरवशावर जाते हां." भोंगा वाजला की मोटर वर घ्यायची, असं वरच्या सगळ्यांनी कबूल केलं होतं.

पाणी भरदुपारी चढलं. एरवी अशा पावसात कुणी ना कुणी नाल्यावर डोकावून यायचं. त्या दिवशी कुणी जागचं हललं नाही. "भोंगा कुठे वाजलाय?" असं म्हणत सगळे टीव्हीसमोर बसून राहिले. ह्यांना राहवेना, म्हणून हे खाली उतरले, तर जिन्याच्या पायऱ्या पाण्यात. मोटर बुडाली होती. गिऱ्हाइकांचे डबे तरंगत होते. हे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ओरडत होते आणि मी वरून जिवाच्या आकांतानं त्यांना परत बोलवत होते.

पाणी ओसरल्यावर मालोजीरावांनी कुलूप काढलं. आत कांड्यांना जाड प्लॅस्टिक गुंडाळलेलं, वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून बांधलेल्या. पावसाआधी आमच्याकडे लाकडं, शेणी, सगळं झाकून बांधून ठेवतात, आगोटीची कामं म्हणतात त्याला. मालोजीरावांनी घरच्या लाकडांबरोबर भोंग्याचीही आगोट करून टाकली होती! ह्यांनी प्लॅस्टिक सोडलं. आत थेंब नव्हता.

"पावसात गंजलं असतं हो, मास्तर," मालोजीराव म्हणाले. माझ्या मस्तकात तिडीक गेली. हे मात्र तिथेच चिखलात बसले.

चंद्रभागा परत आली ती पेढे घेऊन, नातू झाला होता. गिरणीच्या दारात थांबली. ह्यांनी हात जोडले. "तुमी काय करणार, भाऊ," ती म्हणाली. पण पेढ्यांचा पुडा कुणापुढे करायचा ते तिला सुचलं नाही.

पुढच्या वर्षी ह्यांनी भांडून पिंजरा काढायला लावला. आता रोज सकाळी तांब्या ओततात, रोज भोंगा वाजतो, अख्खी आळी शिव्या घालते. श्रावणात नातवाचा पहिला वाढदिवस आला. जावई न्यायला आला होता. चंद्रभागा गिरणीच्या दारात स्टूल टाकून नाल्याकडे बघत बसली होती.

मी म्हटलं, "जा ना गं! वाजतोय की आता भोंगा!"

"वाजतोय तर, वहिनी," ती म्हणाली. "पण मी हितंच बसते."