चष्मा घरी राहिला

त्या सकाळी दादाच्या नंबरवरून दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा मी कापला. वर्गात शिकवून राहिले होते हे खरं, पण कारण ते नव्हतं. पंधरा दिवसांपासून तो रोज एकच विचारत होता, "सुमे, नागपूरले गेली का?" आणि मला ते ऐकायचं नव्हतं. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडे वहिनी होती. दुकानात मोटर उचलता उचलता खाली बसले, म्हणाली, आणि मग उठलेच नाहीत... सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये मी एकच घोकत होते, जाताना त्याचा माझ्यावर राग असेल का. दीड महिना झाला, अजून तेच घोकून राहिले आहे.

दादा माझा मोठा भाऊ. पांढुर्ण्यात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. संत्र्याच्या बागांवरच्या जळालेल्या मोटरी कुठून कुठून त्याच्याकडे यायच्या. बाकीचे दुकानदार मोटरीवर मालकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवत, हा गावानुसार रंगीत वायरचा तुकडा बांधायचा. हिरवा म्हणजे रामाकोन्याचा, पिवळा बोरगावचा, लाल तिगावचा. कोणत्या मोटरीला तारेचे किती वेढे, हे सगळं डोक्यात. लोक म्हणायचे, काय डोकं आहे याचं. आणि कोणी लग्नपत्रिका पुढे केली की हा शर्टाचा खिसा चाचपायचा. "चष्मा घरी राहिला बाप्पा, तूच वाच." दादाला चष्मा नव्हताच कधी. तांब्याच्या तारेवरचा केसाएवढा ओरखडा त्याला लांबून दिसायचा. त्याला वाचता येत नव्हतं. सुटं अक्षर ओळखायचा, पण चार अक्षरं एका ओळीत आली की त्याच्या हातून सगळं निसटायचं. बाबा गेल्यानंतर हे फक्त मला आणि वहिनीला माहीत होतं.

आमचे बाबा शाळामास्तर, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. गुरुजींच्या पोराला वाचता येत नाही, हे त्यांना पटणारं नव्हतं. हा मस्ती करतो, एवढंच त्यांना वाटायचं. मग रोज संध्याकाळी चार लोकांसमोर धडा वाचायला लावायचे. दादा सातवीत, मी तिसरीत. दुपारी मी त्याला धडा तीनदा वाचून दाखवायची आणि संध्याकाळी तो पुस्तक हातात धरून, योग्य जागी थांबत, सगळा म्हणून टाकायचा. एकदा पंख्याच्या वाऱ्याने पान उलटलं. दादाला कळलंच नाही, तो आधीच्या पानावरचंच म्हणत राहिला. बाबा मागे उभे होते. त्यांनी पुस्तकात पाहिलं, मग त्याच्याकडे. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "उद्यापासून शाळेत जायचं नाही." दादा मोटरच्या दुकानात कामाला लागला. धडे कोण वाचून दाखवायचं, हे त्याने बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी मास्तरीण झाले.

माझी मनू आता दुसरीत आहे. आमच्या इकडे मध्य प्रदेशात शाळा हिंदीच. घरी मराठी, शाळेत हिंदी, म्हणून पोरगी अडखळते, असं तिच्या बाईंनी सांगितलं आणि मी लगेच मान डोलावली. हेच मी स्वतः दरवर्षी किती आईबापांना सांगते. पण मला भीती वाटत होती, सारखी वाटत होती. ती 'कमल'चं 'कलम' वाचायची आणि पुढच्या ओळीत तोच शब्द आला की तिसरंच काहीतरी. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. भाऊबीजेला दादा आला तेव्हा मनूने त्याला एक धडा घडाघडा वाचून दाखवला. मी खूश. दादा खाली मान घालून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने एका बोटाने हळूच पान उलटलं... मनू थांबली नाही. मागच्या पानावरचंच तिने शेवटपर्यंत म्हटलं, योग्य जागी थांबत. समोर मनू नव्हती, सातवीतला दादा बसला होता.

मनू खेळायला गेल्यावर दादा म्हणाला, "हिले जमून नाही राहिलं सुमे. मले मालूम आहे ते कसं असते. नागपूरले याच्या डॉक्टरीण आहेत म्हणते, दाखव पोरीले. माह्या वेळी याले नावच नव्हतं. तू शिकलेली बाई, कायले डोळे मिटून बसली?"

आणि मी काय म्हणाले? "माही पोरगी तुह्यासारखी नाही."

तो "बरं" म्हणाला आणि चप्पल घालून निघाला. दोन दिवसांनी फोन सुरू झाले.

दादाची तेरवी झाल्यावर मी मनूला घेऊन नागपूरला गेले. तिथल्या बाईंनी एक फॉर्म भरायला दिला. जन्म कधी, बोलायला कधी लागली, सगळं भराभर लिहिलं. मग आलं, कुटुंबात आणखी कोणाला वाचण्याची अडचण आहे किंवा होती का? माझा पेन थांबला. एवढी वर्षं मी हेच तर लपवत आले होते. लिहावं तर दादाची झाकली मूठ मीच उघडणार, न लिहावं तर मनू त्याच्या जागेवर जाऊन बसणार. आणि 'हो' लिहिलं म्हणजे हे आमच्या घरातच आहे, तिला जन्मभर पुरणार, याचीही भीती... वेळ ठरवायला फोन केला तेव्हा त्या बाई म्हणाल्या होत्या, घरात आधी कोणाला असेल तर मुलाकडे लवकर बघायला हवं, शिकवलं की वाचतात, हळू वाचतात पण वाचतात. मी दोन वर्षं घालवली होती. डोळे भरून आले आणि फॉर्मवरची अक्षरं दिसेनाशी झाली.

मनू माझ्याकडे बघत होती. सरकून जवळ आली आणि बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून कानाशी लागली. "आई, तुलेही वाचता नाही येऊन राहिलं का? सांग ना त्या मॅडमले, चष्मा घरी राहिला म्हणून. मामा तसंच सांगे."

चष्मा माझ्या नाकावरच होता. तो काढून पदराने पुसला, परत लावला आणि त्या रकान्यात लिहिलं, हो, माझा मोठा भाऊ. मग एकेका शब्दावर बोट ठेवून, त्या बाईंनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, मनूला ते वाचून दाखवलं.