बांधाखालचा विस्तव

लग्न होऊन राजूरजवळच्या डोंगरातल्या गावात आले, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली ती सासरच्या विहिरीची. माझं माहेर जामखेडकडचं. तिकडं विहिरी पाहिल्या नव्हत्या असं नाही, पण ही विहीर कातळ फोडून सरळ खाली उतरलेली. पाणी आटलं की तिच्या भिंतीत थर दिसायचे. वर काळा कातळ, मग विटकरी लाल मातीचा पट्टा, खाली पुन्हा काळा कातळ. मी हायस्कूलला भूगोल शिकवते. त्या लाल पट्ट्याचा अर्थ मला माहीत होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहून आला, थिजला, त्याच्यावर माती साचली, आणि मग दुसरा लाव्हा त्या मातीला भाजत वरून पसरला. फळ्यावर हे काढायला सोपं असतं. काठावरून वाकून बघितलं की मात्र मी दोन पावलं मागं सरायची.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस उघडत आला होता, भात पोटरीत होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, आणि जमिनीतून आवाज यायला लागले. ढग गडगडतात तसे नव्हेत. घराच्या खाली कुणी धान्याचं पोतं आपटावं तसा एकच धप्प आवाज, आणि मागोमाग मांडणीतली भांडी किणकिणायची. माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणतो, पहिल्यांदा म्हणाले, "कुटं तरी सुरुंग लावत्यात." पुढच्या वेळी ते नुसते ओट्यावरून उठून अंगणात जाऊन उभे राहिले.

शाळेत मुलांनी विचारलंच. "मॅडम, आपल्याकडं ज्वालामुखी व्हनार का?" मी नाही म्हणाले. मग एका मुलीनं विचारलं, "ह्यो समदा डोंगर लाव्ह्याचा हाय, तर मंग ज्वालामुखीचं तोंड कुटं हाय?" मी सांगितलं, की इथं शेंड्यावर तोंड असलेला डोंगर नव्हताच. खोल जमिनीत दगड वितळतो, आजूबाजूच्या दगडापेक्षा हलका होतो, म्हणून वर चढायला लागतो. वर येताना दाब कमी होतो, त्याच्यातला वायू फुगतो, आणि तो वायूच त्याला बाहेर ढकलतो. आपल्याकडं जमीन लांबच लांब उसवली आणि त्या भेगांतून रस नुसता वाहत राहिला. सांगताना माझ्याच लक्षात आलं, की यात धीर देण्यासारखं काही नाही. जिथं तोंड नसतं, तिथं ते कुठंही उघडू शकतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, माझे मिस्टर म्हैस बघायला घोडेगावच्या बाजाराला गेले होते. मी आणि मामंजी घरी. थोरल्या जाऊबाई गवताला गेल्या होत्या. त्या रिकाम्या हातानं परत आल्या. धावून आल्या होत्या, तरी तोंड पांढरं पडलेलं.

"खांबापाशी जमीन उकळतीया," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आम्ही तिघं निघालो. आमच्या खालच्या भातखाचराच्या बांधावर विजेचा लोखंडी खांब आहे. त्याच्या बुडाशी गवत जळून गेलं होतं, धूर येत होता, आणि टोपलीएवढ्या खड्ड्यात लाल, मधूनच नारिंगी असं काहीतरी खदखदत होतं. बुडबुडा वर यायचा, फुटायचा, आणि दाट रस बांधावरून सावकाश खाली सरकायचा. सरकता सरकता त्याच्यावर काळी साय धरायची, तिला सुरकुत्या पडायच्या, ती चिरायची, आणि चिरेतून आतला लाल रंग दिसायचा. वर्षानुवर्षं मी हेच शब्द वर्गात वापरले होते.

खांबाच्या थोडं अलीकडं आमची गाय खुंट्याला बांधलेली होती. ती दावं ताणत होती. मामंजी तिच्याकडं निघाले. मी मागून त्यांचा सदरा दोन्ही हातांनी धरला. सासऱ्यांच्या अंगाला हात लावायची माझी ती पहिलीच वेळ.

"सोड पोरी. मुकं जनावर हाय ते."

"मामंजी, खालून सगळं पोकळ झालं असेल. पाय ठेवाल तिथं आत जाल."

"मंग बघत बसू का?"

"हो," मी म्हणाले. सदरा सोडला नाही.

ते हिसडा देणार एवढ्यात गायीनं खांबाच्या बाजूला एक पाय टाकला आणि लाकडासारखी आडवी झाली. हंबरली नाही. पाय ताठ झाले ते तसेच राहिले. "वाफेनं मारली," जाऊबाई पुटपुटल्या. मलाही तेच वाटलं. विषारी वायू लाव्ह्याच्या आधी येतो. आम्ही मागं वळलो आणि पळालो.

जाऊबाई मघाशी वाटेत ओरडत आल्या होत्या, त्यामुळं गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. लोक ओढ्याकडं, रस्त्याकडं निघाले होते. मी ओरडून सांगत सुटले, "खाली नको, वर चला. तो उतारानं ओढ्यातच येणार." बायका, म्हातारी माणसं, शेरडं, सगळे देवळामागच्या टेकाडावर चढलो. वरून समोरचे डोंगर दिसत होते, पायऱ्या-पायऱ्यांचे, सपाट सड्याच्या खाली कडा आणि कड्याखाली पुन्हा सडा. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक पूर होता. मी बसले होते तो दगडही भोकाभोकांचा होता, अडकून राहिलेल्या बुडबुड्यांचा. पळून जाऊ तिथंही तेच होतं, आणि हे माझ्याशिवाय तिथं कुणाच्या मनात नव्हतं. जाऊबाई शेजारी बसून देवाचं नाव घेत होत्या. मला तेही जमत नव्हतं.

कुणीतरी फोन केला होता. मोटरसायकलवरून वायरमन आला, लांबूनच खांब बघितला आणि फोनवर लाईन बंद करायला सांगितली. थोड्या वेळानं लाल रंग मंदावला. धूर राहिला, मग तोही विरळ झाला. वायरमन टेकाडाखाली येऊन म्हणाला, "तार खांबाला चिकटली हाय. समदा करंट जमिनीत उतरत हुता. त्यानंच मुरूम वितळला. जवळ कुनी गेलं न्हाई ना?"

"गाय गेली," मामंजी म्हणाले.

"मानूस गेला असता तर त्याचीबी तीच गत. ओल्या जमिनीत पाच-दहा पावलांवरूनबी धरतो."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना अडवलं होतं ते लाव्ह्याच्या भीतीनं, आणि लाव्हा नव्हताच. सदरा सुटला असता तर काय झालं असतं, याचा विचार आला आणि मला थंडी भरल्यासारखं झालं. ज्वालामुखी नाही हे कळूनही ती थंडी जाईना.

पुढच्या आठवड्यात तालुक्यातून माणसं आली, बरोबर एक भूशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी खड्ड्यातला काचेसारखा काळा तुकडा हातात घेऊन सांगितलं, की इथल्या ज्वालामुखींचा विस्तव कोट्यवधी वर्षांपूर्वीच विझला. आणि ते आवाज? जुन्या लाव्ह्याच्या भेगांत पावसाचं पाणी मुरतं, आतल्या दाबानं कातळ कुठं कुठं सरकतो.

"म्हंजी थांबतील?" जाऊबाईंनी विचारलं.

"थांबतील. पुन्हाही येतील. घराच्या भिंती तेवढ्या बघून घ्या."

खांब बदलला. गाय आम्ही लिंबाखाली पुरली. मामंजींनी खाचराजवळचा गोठा वर, घराच्या मागं घेतला. त्या बांधावर ते एकटे जात नाहीत, मीही जात नाही.

पुढच्या वर्षी भात पोटरीत आलं आणि एका सकाळी चहा पीत असताना पुन्हा धप्प झालं. आम्ही सगळे कप घेऊन अंगणात आलो.

"हे पानीच ना गं?" मामंजींनी विचारलं.

"पाणीच, मामंजी."

त्यांनी मान हलवली. चहा निवून गेला, तरी घरात कुणी गेलं नाही.