सरोजच्या घरचं पाणी

मॅडमनी विचारलं, "तुमचे मिस्टर शेवटचे कधी रडले?"

मी लगेच सांगितलं, "रडत नाहीत ते. फौजी आहेत."

सांगताना मला अभिमानच वाटत होता. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या स्वतः मेजर, मनाच्या आजाराच्या डॉक्टर. हळू आवाजात म्हणाल्या, "यही तो बीमारी है."

मग त्यांनी नाव सांगितलं. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. सगळे पीटीएसडी म्हणतात. म्हणजे काहीतरी भयंकर समोर घडतं आणि ते मनातून जात नाही. कुणाला ते सारखं दिसतं, कुणी फटाक्याला दचकतं. यांच्यात जास्त होतं ते इमोशनल नंबिंग. दात काढायच्या आधी सुई देऊन हिरडी बधिर करतात, तसं मन बधिर होणं. मी म्हटलं, मग बरंच की, दुःख कळत नाही. मॅडम म्हणाल्या, नुसतं दुःख बधिर करता येत नाही. त्याच्याबरोबर माया पण जाते.

हे शेजारच्या खुर्चीत ताठ बसले होते. हात गुडघ्यांवर. दुसऱ्याच कुणाचं चाललंय असं.

मी नववीतून शाळा सोडलेली बाई. लिहिण्यात चुका होतील, सांभाळून घ्या. पण माझ्यासारखी एखादी कुठल्यातरी क्वार्टरमध्ये घाबरून बसली असेल, माणूस घरात आहे आणि नाही पण, असं तिला वाटत असेल, तर तिच्यासाठी हे लिहिते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. घरटी एकतरी फौजेत. माझे सासरे सुभेदार म्हणून रिटायर झालेले. यांची आधीची पोस्टिंग सीमेवर होती. तिथल्या एका चकमकीत यांचा जिवाभावाचा दोस्त गेला, सतबीर. फरीदाबादच्या पुढच्या एका गावचा. हे घरी आले तेव्हा एवढंच म्हणाले, "सतबीर गेला. बाकी सब ठीक." मी परत विचारलं नाही. आमच्याकडं विचारायची पद्धत नाही.

पहिलं लक्षण दिसलं ते सासूबाई गेल्या तेव्हा. ते लक्षण आहे हे कुणालाच कळलं नाही. यांनी अग्नी दिला, पाहुण्यांना पाणी-चहा बघितला, तेराव्याला पंगतीत वाढलं. डोळा ओला नाही. गावातले म्हणाले, "वाघ आहे वाघ!" सासऱ्यांची छाती फुगली. आजाराचा असा सत्कार आमच्याच गावात होत असेल.

मग दिल्लीला बदली झाली. शांत पोस्टिंग, फॅमिली क्वार्टर, मी खूष होते. हे मुलीला वेळेवर बसस्टॉपला न्यायचे, बूट चकाचक करायचे, भाजी आणायचे. काही म्हणता काही चुकत नव्हतं. मुलगी एकदा शेजारणीला म्हणाली, "आंटी, पप्पा घर में भी ड्यूटी पे हैं." आम्ही दोघी हसलो.

एक दिवस मुलगी जिन्यावरून पडली. कपाळ फुटलं, फ्रॉक रक्तानं भिजला. मी नुसती ओरडत होते. यांनी येऊन अशी पट्टी बांधली की नंतर नर्सनं विचारलं, कुणी बांधली. बांधली, आणि परत जाऊन उरलेला चहा प्यायले. त्यानं मी तेवढी घाबरले नाही. घाबरले ते पोरीकडं बघून. ती रडली नव्हती. सबंध वेळ बापाच्या तोंडाकडं बघत होती आणि तसंच तोंड करून बसली होती.

मला वाटलं, हा आजार पोरीला लागला. गोवर लागतो तसं. यांचं व्हायचं ते होईल, पण सात वर्षांच्या पोरीनं असं दगड व्हायचं का?

म्हणून मी यांना दवाखान्यात चला म्हटलं. शेजारची भाभी पंजाबची, मनानं चांगली, पण म्हणाली, "पागल हो गई है क्या? रिकॉर्ड में उस वार्ड का नाम चढ़ गया तो प्रमोशन गया. हनुमानजी को तेल चढ़ा." मी तेलही चढवलं आणि दवाखान्यातही गेले. यांना विचारलं, चालेल ना? म्हणाले, "ऑर्डर असेल तर जाईन." मी म्हटलं, आहे ऑर्डर.

आर्मीचं मोठं हॉस्पिटल. आधी रक्त, मग थायरॉईड, मग डोक्याचा एमआरआय, म्हणजे मोठ्या नळीत झोपवून आतले फोटो काढतात. सगळं नॉर्मल. लोक नॉर्मल रिपोर्टला पेढे वाटतात, मला कॉरिडॉरमध्ये रडू कोसळलं. काही सापडलं असतं तर कापून तरी काढलं असतं.

त्यानंतर मॅडमनी तो रडण्याचा प्रश्न विचारला. यांना भरती करून घेतलं. गोळ्या चालू झाल्या. त्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, झोप येते, गुण यायला आठवडे जातात. मधेच बंद करू नका, बायांनो. मी एकदा घाबरून विचारलं, सवय लागेल का? मॅडम चिडल्या नाहीत. चित्र काढून समजावलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

खरं औषध म्हणजे थेरपी. बोलायचं. जे झालं ते परत परत सांगायचं, सांगता येईपर्यंत. हे सांगायचे, पण कसं? "गस्तीची पार्टी निघाली. फायर आला. एक जवान जखमी." मॅडम म्हणायच्या, "ये रिपोर्ट है, शिंदे. मैंने तुम्हारा पूछा है."  कितीतरी बैठका अशाच गेल्या. बाहेरच्या बाकावर मी पदर पिळत बसायचे. शेजारच्या बायांच्या हातात एक्स-रे असायचे. माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं.

यांना सतबीरच्या बायकोचा, सरोजचा, फोन यायचा. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "भैया, आखिर में क्या हुआ था?" आणि हे प्रत्येक वेळी म्हणायचे, "भाभी, शेर की तरह लड़ा." मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, तिला खरंच ऐकायचं असेल तर जा. स्वतःचं ओझं उतरवायला जाऊ नका. मी सरोजला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "सबने एक ही रटी हुई बात बताई है, दीदी. मुझे मेरे आदमी की बात सुननी है."

यांना हॉस्पिटलमधून सुट्टी मिळाली तशी मुलीला शेजारी ठेवून आम्ही मेट्रोनं गेलो, पुढं रिक्षानं. दारात म्हैस, आत भिंतीवर हार घातलेला फोटो. सरोज माझ्याहून लहान. सासू खाटेवर बसलेली. सरोजनं रिवाजाप्रमाणं आधी पाणी आणलं. स्टीलचे दोन ग्लास.

यांनी ग्लास घेतला, पण तोंडाला लावला नाही.  

"भाभी," हे म्हणाले, "वो पानी माँग रहा था. मैंने नहीं दिया."

पोटात गोळी लागली की पाणी द्यायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. हेलिकॉप्टर येणार होतं. हे सतबीरला सांगत राहिले, थोडा रुक जा यार, डॉक्टर येईल, मग पी. हवा बिघडली, हेलिकॉप्टर आलं नाही. तो मागत राहिला. पाण्याची बाटली यांच्या कमरेला होती. भरलेली.

सरोज उभीच होती. तिनं विचारलं, "देते तो बच जाता?"

"नहीं."

"देने से मर जाता?"

"पता नहीं, भाभी. वैसे भी..."

"तो प्यासा क्यों भेजा?"

  ती आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. आतून आवाज आला तो मी लिहू शकत नाही. म्हातारीनं आम्हाला हात जोडले, "अब जाओ, बेटा."

परतीच्या मेट्रोत हे रडायला लागले. तोंडावर हात न ठेवता, लहान मुलासारखं. डबाभर लोक बघत होते. समोरच्या काकांनी विचारलं, "बहनजी, कोई गुज़र गया क्या?" मी म्हटलं, "हाँ जी." ते उठले आणि यांना बसायला जागा दिली. मला भीती वाटत होती आणि देवाचे आभारही मानावेसे वाटत होते. दोन्ही एकदम.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, नियम बरोबर होता, तुम्ही बरोबर केलंत, आणि तरी हे दुःख तुमचंच आहे. हे एकदम बरे झाले असं नाही. कधी दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतात. ड्यूटी हलकी झालीय, प्रमोशनचं माहीत नाही. पण चिडतात, हसतात. परवा मुलगी ओरडली, "पप्पा, इतना ज़ोर से मत पकड़ो!" आणि तिनं भोकाड पसरलं. मी स्वयंपाकघरातून धावले नाही. म्हटलं रडू दे.

इथं थांबले असते तर गोष्ट चांगली झाली असती. पण सरोजचे फोन बंद झाले. मी फोन केला तर तिची सासू म्हणाली, सून खात नाही, बोलत नाही, विहिरीवर गेली की तिथंच बसून राहते. माझ्या नवऱ्याच्या छातीवरचा दगड निघाला तो तिच्या छातीवर गेला. ज्या घरी जाऊन आल्यावर माझ्या माणसाला रडू फुटलं, त्या घराचं काय, हे मी विचारायला नको?

मी मॅडमकडं गेले. त्या म्हणाल्या, याला प्रोलाँग्ड ग्रीफ म्हणतात, म्हणजे दुःख हलतच नाही, थिजतं. शहिदाच्या बायकोला इथंच उपचार मिळतात, घेऊन या. बहुतेकींना हे कुणी सांगतच नाही. म्हणून मी सांगते.

सरोज पहिल्यांदा आली नाही. दुसऱ्यांदा तिची सासू तिला घेऊन मेट्रो स्टेशनवर उभी होती. आता आम्ही तिला नेतो. ती माझ्याशी बोलते, मुलीसाठी घरचं तूप आणते. यांच्याकडं बघत नाही. हे लांबच्या बाकावर बसतात, तिचा नंबर लागला की उठून उभे राहतात, ती आत गेली की बसतात. मी एकदा विचारलं, "सरोज, हे नको असतील तर मी एकटी येत जाईन."

 ती म्हणाली, "नहीं दीदी. आने दो."