आईच्या बोटांना कळलेली भुरी

परवा आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घरी पहिल्यांदाच वाईनची बाटली आली... आणि आईनं ती स्वतःच्या हातानं शोकेसमध्ये, माझ्या शाळेतल्या ट्रॉफीशेजारी ठेवली! खोकल्याचं औषधसुद्धा 'यात दारू तर नाही ना' म्हणून हुंगून घेणारी बाई ही.

झालं असं, की माझी मैत्रीण मंजूषा काटोल रोडला वाईनची द्राक्षं लावून बसलीय. नागपूरच्या उन्हात मनुके होतील तुझे, म्हणून आम्ही तिला मनसोक्त चिडवलं. तीन वर्षं वेली जपल्या तिनं, आणि यंदा पहिली रेड वाईन करायची होती.

फेब्रुवारीत तोडणीला माणसं कमी पडली, म्हणून मी आईला घेऊन गेले. "दारूच्या कामाले मले काहून नेऊन राहिली वं?" हे रस्ताभर ऐकलं...

हिवाळ्यात ढगाळ हवेनं वेलींवर भुरी आली होती, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी. औषध मारल्यावर ती गेली, असं मंजूषाला वाटत होतं. घडही दिसायला एकदम झकास!

आई निवडायला बसली. बघायची कमी, बोटंच जास्त फिरवायची... आणि घडामागून घड बाजूला. तिचं माहेर उमरेडच्या विणकरांचं, कापडावर नुसता हात फिरवून गाठ सांगायची ती. तासाभरात निम्मा माल बाद! मला तर घामच फुटला.

"साल खरखरीत हाये याची. वासही कुबट येऊन राहिला," आई म्हणाली.

मंजूषानं द्राक्षाचा एक मणी चावला. मग दुसरा. तिचा चेहराच उतरला... भुरी गेली होती, पण सालीवर बारीक व्रण सोडून गेली होती. रेड वाईन सालीसकट मुरते, त्यामुळे तो कुबटपणा सगळ्या टाकीत उतरला असता.

मी म्हटलं, थोडं मिसळून टाक, कुणाला कळतंय? आता आठवलं तरी लाज वाटते.

"आईंच्या बोटांना कळलं ना," ती एवढंच म्हणाली. बाद घड सरळ खताच्या खड्ड्यात गेले. चांगल्या घडांच्या सालींवरही तिनं भरवसा ठेवला नाही. त्या घडांचा रस सालींपासून लगेच वेगळा काढून थोडीशी गुलाबी वाईन केली, आणि रेड पुढच्या वर्षावर ढकलली. डोळे भरलेले होते, पण हात थांबला नाही तिचा. मानलं बुवा तिला!

त्याच वाईनची पहिली बाटली ती परवा आईला देऊन गेली. आई काही पिणार नाही. पण शेजारच्या काकू शोकेस बघून दचकल्या, "काहून वं, घरात दारू ठेवली का?"

आई पदर सावरत म्हणाली, "दारू कायची? माह्या हातचं काम होय ते!"

लग्न होऊन या घरात आल्यापासून आईच्या त्या बोटांना कुणी काही विचारलंच नव्हतं... मीसुद्धा नाही. मंजूषा, तू त्यांचं ऐकलंस. थँक यू गं.