मागच्या चाकांचं माप

गेल्या मे महिन्यात माझ्या भावाने वडिलांच्या जुन्या अ‍ॅम्बेसिडरच्या मागच्या चाकांवरचा पत्रा कापून घेतला. वडील हिवाळ्यात गेले होते. रुंद टायरची दोन चाकं त्याने ते असतानाच आणून ठेवली होती. तेव्हा वडील म्हणाले होते, "ही गाडी हाय, उसाची ट्रॉली न्हाय." चाकं गोठ्यामागे पडून राहिली. आता नाही म्हणणारं कोणी नव्हतं.

भाऊ त्या महिन्यांत घरी फारसा थांबत नसे. पणदऱ्याला आमच्या घरी भेटायला येणारी माणसं ओट्यावर बसून चहा घेऊन जात. घरात कोणी रडल्याचं मला आठवत नाही. आई उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. इंदापूरहून मामांचे फोन येत. दुखवटा काढायला, म्हणजे माहेरची साडी नेसवून सुतक संपवायला, तिला माहेरी न्यायचं राहिलं होतं. मामा जीप पाठवतो म्हणाले, तिने नको सांगितलं. मग एका सकाळी ती आपणहून म्हणाली, "आपल्या गाडीनं नेणार असशील तर येती." भावाने मान हलवली. तेव्हा गाडी पिंपळीजवळच्या एका शेडमध्ये चाकांविना ठोकळ्यांवर उभी होती.

शेडमधला मिस्त्री उसाच्या ट्रॉल्या बांधायचा. हंगाम संपल्यामुळे त्याच्याकडे वेळ होता. त्याने बाहेरची कड कापली, आतला पत्रा उभा चिरून आत सरकवला आणि मधल्या फटीत नवी पट्टी वेल्डिंग करून बसवली. पत्र्याच्या घडीतून वाळलेली काळी माती निघाली. ती झाडून बाजूला करण्यात आली.

चाकं चढवल्यावर त्याने भार घालून पाहिलं. ट्रॉली भरल्याशिवाय तो कधी सोडत नसे. सरकी पेंडीची पोती मागच्या सीटवर आणि डिकीत, दोन्ही अंगांना सारखी रचली. ट्रॉली एका अंगाला भरली तर उलटते, म्हणून भार मधोमध ठेवायचा हाताला सवयच होती. गाडी रस्त्यावर फिरवून आणली. टायर कुठेही घासला नाही.

गाडी घरी आली तेव्हा आईने मागून एक चक्कर मारली.

"म्हशीला बूट घातल्यावानी दिसतंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आई मागे डावीकडे बसली. वडील गाडी चालवायचे तेव्हाही ती तिथेच बसायची. मामांसाठी घेतलेला डाळिंबाचा क्रेट तिने पायाशी ठेवला. मी पुढे, भावाशेजारी. म्हणजे उजव्या अंगाला एकटा भाऊ होता. बारामती सोडल्यावर पहिल्याच उजव्या वळणाला डाव्या चाकातून खरखर आली. पुढच्या वळणाला रबर जळल्याचा वास आला. भावाने गाडी हळू केली आणि पिंपळीच्या शेडमध्ये वळवली.

मिस्त्री वाकून आत बघून उठला. "सगळा भार डाव्या अंगाला हाय. मावशी, जरा मधी सरका की."

"का?"

"टायर घासतंय."

"मग टायर काढा."

मिस्त्री हसला. भाऊ हसला नाही. जुनी चाकं घरी होती. तो आईच्या खिडकीशी गेला.

"आई, इंदापूरपातुर तरी मधी बस. येताना बघू."

"मी मधी बसत न्हाय."

"क्रेट पुढं घेतो मग."

"क्रेटानं काय हुतंय? मला घरी सोड."

ती हे आवाज न चढवता म्हणाली. हात मांडीवर होते. भाऊ रस्त्याकडे बघत उभा राहिला. एक दुधाचा टेम्पो गेला. घरी परतली असती तर ती पुन्हा कधी निघाली असती, हे सांगता येत नाही.

मिस्त्रीने हातोडी आणली. "उतरू नगा मावशी. तुमी बसल्या जागीच माप घेतो. पोत्यानं फसवलं आमाला."

"म्हंजे मी पोतं व्हय?"

"पोतं गप बसतं."

आई बसून राहिली. त्याने उजवी बाजू जॅकने थोडी उचलून गाडी आणखी डावीकडे कलती केली आणि टायर पत्र्याला कुठे लागतो तिथे खडूने रेघ मारली. मग कड आतल्या अंगाला ठोकून वळवली. प्रत्येक ठोक्याला तिच्या बाजूची काच हादरत होती. नवीन रंग उडाला, पत्रा तेवढ्या जागी पांढरा झाला. भाऊ दुसऱ्या बाजूने खिडकीत हात ठेवून उभा होता. काम संपल्यावर मिस्त्रीने तिला विचारलं, "कानात दडं बसलं काय?" ती म्हणाली, "चला आता."

पुढच्या वळणांवर आवाज आला नाही. भावाने वेग मात्र वाढवला नाही.

जेवणाच्या वेळेआधी आम्ही इंदापूरला पोचलो. मामा फाटकाशी उभे होते. आईने दार स्वतः उघडलं. संध्याकाळी मामीने आणलेली साडी ती नेसली आणि मुक्कामाला तिथेच राहिली.